माणसांसोबतचे पहिले संशोधन: एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी, तिथे आणि तिथून पुढे

प्रबंधाचा विषय नक्की होतो, मार्गदर्शक सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, सही करतात आणि मग विद्यार्थ्याला पहिल्यांदा ऐकू येते, "आता आयईसीचे पत्र आणा." आयईसी म्हणजे इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटी, माणसांसोबतचे संशोधन सुरू होण्याआधी ते तपासून मान्यता देणारी संस्थेची समिती. तिचे पत्र म्हणजे ग्रंथालयाच्या नाहरकत दाखल्यासारखा आणखी एक कागद आहे, अशा समजुतीने बहुतेक जण आमच्याकडे येतात. तारीख जवळ आलेली असते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न "मीटिंग कधी आहे?" हाच असतो. पुण्यातील एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर मी अकरा वर्षे समाजशास्त्राच्या बाजूची सदस्य म्हणून काम करते आहे. या काळात जे प्रस्ताव आम्हाला परत पाठवावे लागले, त्यांपैकी बहुतेकांत शास्त्र चुकलेले नव्हते. ज्या माणसांकडून माहिती, रक्त किंवा वेळ घ्यायचा होता, त्यांना 'नाही' म्हणायची वाट कुठे ठेवली आहे, हे मात्र त्यांत दिसत नव्हते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न स्वतःला विचारावा, अशी माझी विनंती आहे: इथे समोरच्या व्यक्तीने नकार दिला, तर तिचे काय बिघडेल? 'काहीही नाही' हे उत्तर प्रामाणिकपणे देता येईपर्यंत आराखडा पूर्ण झाला असे समजू नये.

पहिली पायरी: आपले काम समितीकडे न्यावे लागते का?

"मी औषध देत नाही, नुसती प्रश्नावली भरून घेते, मग मला परवानगी कशाला?" हा प्रश्न परिचर्या, समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हमखास येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. आरोग्याशी संबंधित संशोधनात माणूस, त्याच्या शरीरातून घेतलेला नमुना किंवा त्याची माहिती यांपैकी काहीही वापरायचे असेल, तर ते काम समितीच्या कक्षेत येते. प्रयोगशाळेत तपासणी होऊन उरलेले रक्त, रेकॉर्ड रूममधील जुने केसपेपर, वस्तीतील गटचर्चा आणि फोनवरील मुलाखत हे सारे त्यात आले. पूर्णपणे निनावी आणि सर्वांना खुली असलेली माहिती वापरणाऱ्या कामाला आढाव्यातून सूट मिळू शकते. परंतु ती सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, संशोधक नव्हे. त्यामुळे सूट हवी असली, तरी अर्ज करावाच लागतो.

आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी या कारणाने हवालदिल होऊन येतो. माहिती आधी गोळा करायची आणि परवानगी मागाहून घ्यायची, असे होत नाही. झालेल्या कामाला मागील तारखेने मान्यता देण्याचा अधिकार समितीला नाही, आणि ज्या माणसांनी आधीच उत्तरे दिली त्यांना मागे जाऊन संरक्षणही देता येत नाही.

अर्ज कोणत्या वाटेने जाईल हे जोखमीवर ठरते. जोखीम नगण्य असेल तर सूट मिळू शकते, रोजच्या जगण्यात असते तेवढीच असेल तर मोजके सदस्य त्वरित आढावा घेतात, आणि त्याहून अधिक असेल किंवा सहभागी व्यक्ती दुर्बल स्थितीत असतील, तर बहुतेक वेळा प्रस्ताव पूर्ण समितीच्या बैठकीत येतो. मात्र जोखीम म्हणजे केवळ सुईची इजा नव्हे. पुण्याजवळ भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, आणि तेव्हापासून या शहरात एचआयव्हीवर मोठे काम झाले आहे. या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते की सहभागी व्यक्तीच्या घरी पोस्टाने गेलेले, संस्थेचे नाव छापलेले एक पाकीट रक्ताच्या दहा नळ्यांपेक्षा जास्त नुकसान करू शकते. तेव्हा प्रस्तावातील 'जोखीम' या रकान्यात 'काही नाही' असे लिहिण्यापूर्वी घर, शेजार, नोकरी, जात आणि लग्न या पाच ठिकाणी आपले संशोधन जाऊन पोचले तर काय होईल, याचा विचार करून पाहावा.

दुसरी पायरी: योग्य समिती शोधणे

नव्या औषधांच्या आणि लसींच्या चाचण्यांना 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९' लागू होतात. या चाचण्यांचा आढावा घेणारी समिती केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदलेली असावी लागते. इतर जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधन पाहणाऱ्या समितीची नोंदणी केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे असते. आपल्या महाविद्यालयाच्या समितीची नोंदणी यांपैकी कोणती आहे आणि तिची मुदत संपलेली नाही ना, हे सदस्य सचिवांना विचारून घ्यावे. असे विचारणे अजिबात उद्धटपणाचे नाही. आपल्या संस्थेत समिती नसेल, तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी लेखी करार करून तिच्याकडे जाता येते. औषध चाचणीच्या बाबतीत मात्र ती समिती त्याच शहरातील किंवा चाचणीच्या ठिकाणापासून ५० किलोमीटरच्या आतील असावी लागते.

समितीत किमान सात सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात आणि सदस्य सचिव संस्थेतले. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा अभ्यासक आणि एक सर्वसामान्य नागरिक असा मेळ घालावा लागतो. या सर्वसामान्य सदस्याचे मत नवख्या संशोधकांना दुय्यम वाटते, परंतु माझ्या अनुभवात सर्वांत मोलाचे प्रश्न त्याच खुर्चीतून आलेले आहेत. आमच्या एका सभेत मधुमेहावरील एका चांगल्या प्रस्तावाला निवृत्त पोस्टमास्तर असलेल्या सदस्यांनी एवढेच विचारले होते की, उपाशीपोटी रक्त द्यायला पहाटे बोलावलेली बाई खडकवासल्याहून कोणत्या बसने येणार, आणि रक्त दिल्यावर तिला नाश्ता कोण देणार. प्रस्तावाच्या चाळीस पानांत याचे उत्तर नव्हते.

रुग्णालयाच्या अधीक्षकांची, महापालिकेच्या आरोग्य विभागाची किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी ही वेगळी बाब आहे. ती लागतेच, पण ती समितीच्या मान्यतेच्या जागी चालत नाही आणि सहभागींच्या संमतीच्या जागी तर मुळीच नाही. परदेशी संस्थेचा सहभाग किंवा पैसा असेल, तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावे लागते. त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा.

तिसरी पायरी: नियम कोठून आले, ते एकदा वाचा

एका संध्याकाळीत वाचून होईल एवढाच हा इतिहास आहे, पण तो वाचल्याशिवाय अर्ज भरू नये. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली आणि तिच्या दहा मुद्द्यांपैकी पहिलाच मुद्दा स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा आहे. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकीचा जाहीरनामा काढला. अमेरिकेत टस्कीगी येथे सरकारी आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना नुसते निरीक्षणाखाली ठेवले. पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार सर्वत्र मिळू लागल्यावरही तो त्यांना दिला नाही आणि खरा हेतू सांगितला नाही. त्या प्रकरणानंतर १९७९ चा बेलमाँट अहवाल आला आणि व्यक्तीचा आदर, हितकारकता आणि न्याय ही तीन तत्त्वे जगभर रूढ झाली. आपल्याकडे आयसीएमआरचे पहिले धोरणपत्रक १९८० चे, तर सविस्तर तत्त्वे २०००, २००६ आणि २०१७ ची आहेत. २०१७ च्या पुस्तिकेत सुरुवातीला बारा सर्वसाधारण तत्त्वे दिली आहेत. पूर्ण पुस्तिका वाचणे जमले नाही, तरी ती बारा तत्त्वे, संमतीचे प्रकरण आणि आपल्या विषयाचे प्रकरण एवढे तरी वाचावे.

चौथी पायरी: माहितीपत्रक आणि संमतीपत्रक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. प्रस्तावाची इंग्रजी बाजू कितीही चोख असो, सहभागी व्यक्तीच्या हातात जातो तो एवढाच कागद, आणि आमच्याकडे येणाऱ्या मराठी माहितीपत्रकांची अवस्था बहुतेक वेळा अशी असते: "सदर अध्ययन हे मधुमेही रुग्णांमधील औषधानुपालन व त्यावर परिणाम करणाऱ्या मनोसामाजिक घटकांचे परस्परसंबंध अभ्यासण्याच्या उद्देशाने हाती घेण्यात आलेले असून आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा आहे."

काही वर्षांपूर्वी हेच वाक्य घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीला मी बैठकीआधी म्हटले, की हे पत्रक आपल्या ओपीडीतल्या मावशींना वाचून दाखव. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि गेली कित्येक वर्षे त्यांना स्वतःला मधुमेह आहे. त्यांनी फडके बाजूला ठेवले, बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "ऐच्छिक म्हणजे शाळेत जादाचा विषय असतो, तोच ना?" त्यानंतर थोड्या वेळाने, "आणि सही नाही केली तर गोळ्या बंद होणार का?" ज्या वाक्याने नकाराची मोकळीक द्यायची, त्या वाक्यातून त्यांच्यापर्यंत नकाराची भीती पोचली होती. त्या विद्यार्थिनीने त्याच दुपारी मावशींशेजारी बसून पत्रक पुन्हा लिहिले. त्याची सुरुवात अशी झाली:

"तुम्हाला डायबेटीस आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या रोज घेणं काहींना जमतं, काहींना जमत नाही. का जमत नाही, ते आम्हाला समजून घ्यायचं आहे. त्यासाठी तुमच्याशी साधारण पाऊण तास बोलायचं आहे. हा तुमच्या उपचाराचा भाग नाही, हे संशोधन आहे. तुम्ही नाही म्हणालात, तरी तुमच्या गोळ्या, तपासणी आणि पुढची तारीख सगळं आहे तसंच राहील. बोलता बोलता मध्येच थांबावंसं वाटलं, तर थांबा. कारण सांगायची गरज नाही."

हा उतारा मी अनेकांना नमुना म्हणून दिला आहे. 'हे संशोधन आहे, उपचार नाही' हे वाक्य त्यात सुरुवातीलाच आहे, कारण पांढरा कोट घातलेले माणूस जे काही करते ते आपल्या बरे होण्यासाठीच असणार, असे रुग्ण धरून चालतो. हा समज संशोधकाने स्वतःहून दूर करायचा असतो. तांत्रिक शब्दांचेही तसेच आहे. 'यादृच्छिक पद्धतीने' असे न लिहिता 'चिठ्ठी टाकावी तसे, नशिबाने कोणत्याही एका गटात' असे लिहावे. 'प्लासिबो' म्हणजे 'दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी'. '५ मिली रक्त' म्हणजे 'चहाचा साधारण एक चमचा'. रक्ताचे प्रमाण चमच्यात सांगितल्याबरोबर लोकांचे खांदे खाली येतात, हे मी पाहिले आहे.

पत्रकात काय काय असावे याची यादी समितीच्या अर्जासोबतच मिळते, म्हणून सगळे मुद्दे इथे पुन्हा लिहीत नाही. जे नेहमी राहून जातात तेवढेच सांगते. थेट फायदा होणार नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. 'समाजाला फायदा होईल' एवढ्याने ते झाकू नये. संशोधनामुळे इजा झाली, तर उपचाराचा खर्च कोण करणार हे लिहावे. रक्त किंवा लाळ पुढे दुसऱ्या अभ्यासासाठी साठवायची असेल, तर त्याची संमती वेगळी मागावी, म्हणजे एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येईल. संशोधकाच्या क्रमांकाबरोबर सदस्य सचिवांचाही दूरध्वनी क्रमांक द्यावा, कारण तक्रार संशोधकाविषयी असेल तर ती संशोधकाकडेच करायला सांगणे न्यायाचे नाही. आणि पत्रकाची एक प्रत सहभागी व्यक्तीला घरी न्यायला द्यावी.

पुण्यात एकट्या मराठीने भागत नाही. वाकड-हिंजवडीच्या बांधकामांवर काम करणारी कुटुंबे कर्नाटक, ओडिशा, बिहार, बंगाल अशा कितीतरी ठिकाणांहून आलेली असतात. ज्या ज्या भाषेत संमती घ्यायची, त्या प्रत्येक भाषेतील पत्रक आवृत्ती क्रमांक आणि तारखेसह समितीकडून मान्य करून घ्यावे लागते. भाषांतर एकाने करावे आणि त्यावरून परत इंग्रजी करण्याचे काम दुसऱ्याने करावे, म्हणजे अर्थ कुठे निसटला ते कळते.

सही ही या प्रक्रियेतील शेवटची आणि सर्वांत छोटी गोष्ट आहे. आधी वाचून दाखवावे, विचार करायला वेळ द्यावा, घरच्यांशी बोलायचे असेल तर पत्रक घेऊन जाऊ द्यावे, आणि मग विचारावे, "मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत मला सांगाल का?" जे सांगता आले नाही, ते आपण नीट समजावलेले नाही असे धरून पुन्हा सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेताना, संशोधनाशी संबंध नसलेला आणि वाचता येणारा साक्षीदार सुरुवातीपासून हजर असावा लागतो; अंगठा झाल्यावर बाहेरून कुणाला तरी बोलावून सही घेणे चालत नाही. नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्ती असतील, तर संमतीचे दृक्-श्राव्य चित्रण करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरील औषधांच्या चाचण्यांत फक्त आवाजाची नोंद पुरते, आणि त्यामागचे कारण सांगायला नको.

पाचवी पायरी: संमती कोण मागतो आहे आणि कुठे

एका रुग्णालयात मी पाहिलेला प्रसंग सांगते. शिरूरकडचे एक आजोबा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले होते. निवासी डॉक्टरने शस्त्रक्रियेचे संमतीपत्र आणि स्वतःच्या प्रबंधाचे संमतीपत्र एकाखाली एक ठेवून दोन्हींवर सह्या घेतल्या. मी आजोबांना विचारले, दुसरा कागद कशाचा होता? ते म्हणाले, "पहिला ऑपरेशनचा, दुसरा त्याची झेरॉक्स." डॉक्टर वाईट नव्हता. तो रात्रपाळी करून आला होता आणि त्याला घाई होती. पण जो डॉक्टर उपचार करतो, त्यालाच नाही म्हणणे रुग्णाला जवळजवळ अशक्य असते. म्हणून शक्य असेल तेव्हा संमती दुसऱ्या कुणी घ्यावी, वेगळ्या वेळी घ्यावी, आणि रुग्ण स्ट्रेचरवर असताना तर कधीच घेऊ नये.

माझ्या स्वतःच्या पहिल्या अभ्यासातली एक चूक मला आजही टोचते. पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वस्तीत मी तरुण सुनांशी बाळंतपणातील काळजीविषयी बोलत होते. एका घरात सासूबाईंनी चहा दिला, पाटावर बसवले आणि सुनेला म्हणाल्या, "ताई आल्यात, सांग त्यांना." सुनेने सही केली आणि अर्धा तास मान खाली घालून 'हो, नीट होतं सगळं' असे म्हणत राहिली. दहा बाय दहाच्या त्या खोलीत तिला नाही म्हणायला जागाच नव्हती, आणि ते मी विचारायला सुरुवात करण्याआधीच मला दिसायला हवे होते. त्यानंतर मी अंगणवाडीच्या रिकाम्या खोलीत, दुपारी, एकेकीला येता येईल अशी वेळ ठेवून बोलू लागले. काही जणी आल्याच नाहीत. त्यांचे ते न येणे हा त्यांचा नकारच होता, आणि त्यासाठी कुणालाही तोंड उघडावे लागले नाही.

ज्यांच्या हातून आपण लोकांपर्यंत पोचतो, ते मुकादम, सरपंच, आशाताई, मुख्याध्यापक किंवा संघटनेचे कार्यकर्ते आपल्याला आत नेऊ शकतात, पण दुसऱ्याच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा एक प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये तो थांबवला गेला. त्यावर संसदीय स्थायी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. खम्मममध्ये आईवडिलांच्या सहीच्या जागी वसतिगृहांच्या वॉर्डनांनी सह्या केल्याचे आढळले होते, आणि त्या मुली बहुतांशी गरीब, आदिवासी घरांतल्या होत्या.

आपल्या जवळचे एक उदाहरण याहून जुने आहे. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे सांगितले जाते, आणि त्या लसीने पुढे अनेकांचे प्राण वाचवले याबद्दल मला कृतज्ञताच वाटते. तरीही आज कुणी येरवड्याच्या कारागृहात असा प्रस्ताव घेऊन आले, तर आम्ही पहिला प्रश्न हाच विचारू की, हे काम बाहेरच्या माणसांसोबत होऊ शकत नाही का? कैदी, पोलीस शिपाई, आपलेच विद्यार्थी, वॉर्डातील कर्मचारी या सगळ्यांचा हो वरिष्ठांच्या नजरेखाली असतो. मार्गदर्शकांनी आपल्याच वर्गातील मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तर ती निनावी असावी आणि गुण देणाऱ्या व्यक्तीने वर्गात थांबू नये.

मुलांच्या बाबतीत वयाचे टप्पे लक्षात ठेवावेत. सात वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती पुरेशी असते, सात ते बारा या वयात पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा तोंडी होकार लागतो, आणि बारा ते अठरा या वयात लेखी होकार. पालक हो म्हणाले आणि मूल रडत नाही म्हणाले, तर साधारणपणे मुलाचेच ऐकायचे असते. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला, आणि त्या मातांच्या पोटी आलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. अशा दीर्घ अभ्यासाकडे पाहिले की या नियमाचा अर्थ नीट कळतो: जन्मापूर्वीच ज्याचे नाव नोंदले गेले, त्याला मोठेपणी स्वतः ठरवता आले पाहिजे.

सहावी पायरी: पैसे

प्रवासखर्च द्यावा, बुडालेली रोजंदारी द्यावी, उपाशीपोटी बोलावले असेल तर खायला द्यावे. बिगारी काम करणाऱ्याचा अर्धा दिवस मोडून त्याला 'विज्ञानासाठी' आभाराचे प्रमाणपत्र देणे मला पटत नाही. मात्र रक्कम इतकी मोठी नसावी की केवळ तिच्यासाठी माणसाने धोका पत्करावा किंवा आजार लपवावा. रक्कम समितीला आधी सांगावी लागते. तीन भेटींचा अभ्यास असेल, तर पैसे प्रत्येक भेटीला द्यावेत. शेवटच्या भेटीपर्यंत राखून ठेवलेले पैसे माणसाला मध्येच बाहेर पडू देत नाहीत.

सातवी पायरी: माहितीची राखण

नावांच्या जागी संकेतांक वापरावेत आणि कोणता अंक कुणाचा ही यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात किंवा पासवर्डखाली ठेवावी. मुलाखतीचे रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर राहिले, की ते आपोआप घरच्या क्लाउड खात्यात चढते. ही सोय आधी बंद करावी. केसपेपरचे फोटो व्हॉट्सॲपवर मार्गदर्शकांना पाठवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सवलत आहे, पण ती ठरवून दिलेली मानके पाळणाऱ्यांनाच मिळते.

गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर आधारलेला, अभ्यास करणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. 'मुळशी तालुक्यातील एका गावच्या ४२ वर्षांच्या महिला सरपंच म्हणाल्या' असे लिहिले, की नाव गाळून काही उपयोग होत नाही. तालुक्यातला कुणीही बोट ठेवून सांगेल.

आठवी पायरी: अर्ज आणि बैठक

अर्जासोबत प्रस्ताव, सर्व भाषांतील पत्रके, प्रश्नावली, संशोधकांचा परिचय, अंदाजपत्रक, हितसंबंधांची घोषणा आणि मार्गदर्शकांची सही लागते. बैठकीत बोलावले तर पाच मिनिटांत सांगावे की कोणासोबत काय करणार, त्यांना काय त्रास होऊ शकतो आणि तो कमी करायला काय केले आहे. संख्याशास्त्राचे प्रश्न येतात, कारण ज्या अभ्यासातून उत्तर निघणारच नाही त्यासाठी माणसांना त्रास देणेही अनैतिक आहे. प्रश्न आले म्हणून खचून जाऊ नये. मंजूर, बदलांसह मंजूर, सुधारून पुन्हा सादर करा आणि नामंजूर अशा निर्णयांपैकी पहिल्याच फेरीत थेट मंजुरी मिळणारे थोडेच असतात. लेखी शेऱ्यांना मुद्देवार उत्तर द्यावे, आणि शेरा पटला नाही तर का पटला नाही हे सभ्यपणे लिहावे. आम्हीही चुकतो आणि मत बदलतो.

नववी पायरी: पत्र हातात आल्यावर

औषध, उपकरण, योगासन किंवा समुपदेशन अशा कोणत्याही उपायाची चाचणी असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंद करावी. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंद स्वीकारली जात नाही. त्यानंतर प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायचा असला किंवा हडपसरऐवजी कात्रजला जायचे असले, तरी आधी समितीला दुरुस्ती कळवून मान्यता घ्यावी. औषध चाचणीत गंभीर प्रतिकूल घटना घडली, म्हणजे मृत्यू, दाखल करावे लागणे किंवा कायमचे अपंगत्व असे काही झाले, तर २४ तासांच्या आत समितीला, प्रायोजकाला आणि औषध नियंत्रकांना कळवावे लागते. घटनेचा संबंध आपल्या औषधाशी नाही असे मनाने ठरवून थांबू नये. मुलाखतीत एखादी बाई रडू लागली आणि थांबली, तर तेही टिपून ठेवावे आणि पुढच्या अहवालात सांगावे. मान्यता बहुधा एक वर्षाची असते, त्यामुळे वार्षिक अहवालाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहावी.

अभ्यास संपल्यावर समाप्ती अहवाल समितीला द्यायचा असतो. त्याच आठवड्यात वस्तीत किंवा गावात परत जाण्याचा एक दिवस ठरवावा, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा. मधुमेहाचा अभ्यास करणाऱ्या त्या विद्यार्थिनीने निष्कर्षांचे एक पान मोठ्या अक्षरांत मराठीत छापले आणि ओपीडीच्या बाकावर बसून सगळ्यांत आधी मावशींना वाचून दाखवले. गोळ्या चुकण्याचे एक मोठे कारण म्हणजे कामाच्या पाळीमुळे जेवणाची वेळ न सांभाळता येणे, असे त्या पानात लिहिले होते. मावशी म्हणाल्या, "हे तर मी तेव्हाच सांगितलं असतं." मग त्यांनी ते पान घडी करून पदराच्या आत ठेवले, दुसऱ्या पाळीतल्या बायकांना दाखवायला.